तिची साखळी कुठे गेली? – फॅनफिक्शन लिहिणाऱ्यांना एक खुलं पत्र

फॅनफिक्शन लिहिणाऱ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

आधीच सांगून टाकते, मी बाहेरची नाही. दुसऱ्याने जन्माला घातलेल्या पात्रांवर गेली पंधरा-सोळा वर्षं जीव टाकते आहे, त्यांच्या नव्या कथा, म्हणजे फॅनफिक्शन (लाडाने 'फिक'), लिहिते-वाचते आहे. 'एवढं एक प्रकरण वाचते आणि झोपते' असं म्हणत पहाट केली आहे. फिक अर्धवट सोडून गायब झालेल्या लेखिकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आहेत आणि स्वतःच्या तीन फिक्स तशाच अर्धवट सोडल्याही आहेत. तेव्हा ही कुणा समीक्षकाने काढलेली खोडी नाही. घरातलं भांडण आहे, आवाज थोडा चढला तर सांभाळून घ्या.

भांडण एवढंच, की सोबती गेल्यावर आपण नायिकेचं काय करतो.

सोबती कोण, ते ज्या त्या गोष्टीवर. प्रियकर असेल, नवरा असेल, मैत्रीण, बहीण, गुरू, एखाद्या गोष्टीत घोडासुद्धा. तो जातो किंवा ती जाते. मूळ कथेला पुढची लढाई गाठायची असते. एक ओला प्रसंग, थोडा पाऊस, जरा व्हायोलिन, की कथानक निघालं पुढे. आपलं काम तिथेच सुरू होतं. त्यांनी जे उरकलं ते आपण निगुतीने करायचं, यासाठी तर आपण सगळे इथे जमलो.

पण वाचता वाचता एक गोष्ट लक्षात यायला लागली आणि आता ती नजरेआड होता होत नाही. त्याला निरोप देता देता आपण तिलाही घालवतो. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर फिक टाकताना जे ठरलेले इशारे समोर येतात, त्यात 'मुख्य पात्राचा मृत्यू' हा एक आहे. आपण इमानेइतबारे तिथे खूण करतो. तो मृत्यू त्याचा. तिसऱ्या प्रकरणापर्यंत तीही नाहीशी झालेली असते, चालती-बोलती असून. त्याचा इशारा कुठल्याच रकान्यात नाही.

माझ्यापासूनच सुरुवात करते, म्हणजे कुणाकडे बोट दाखवल्यासारखं होणार नाही.

मालिकेचं नाव सांगत नाही. जुनी आहे, आणि ती फिक मी केव्हाच काढून टाकली. नायिका मोजणीदार होती, कुणी न पाहिलेल्या मुलखाचे नकाशे काढणारी. तिचा सोबती साखळीचं दुसरं टोक धरायचा. जमीन मोजायची जुनी साखळी असते ना, 66 फुटांची, 100 कड्यांची, ती. तिला दोन माणसं लागतात. एक मागे टोक धरून उभा, दुसरा पुढे जाऊन ओढतो आणि खुंटी ठोकतो. अख्खी मालिका या दोघांमधल्या 66 फुटांवर उभी होती. भांडणं तेवढ्या अंतरावरून ओरडून व्हायची. त्यांच्यातला पहिला प्रेमाचा शब्दसुद्धा 'ताण!' हाच होता. आता तो कसा म्हटला होता, हे पाहिलेल्यालाच कळेल.

तो गेला. मी नऊ प्रकरणं लिहिली. पहिल्या चारांत ती रडली. पाचव्यात आजारी पडली. सहाव्यात एक वैद्य आला: शांत, रुंद खांद्यांचा, स्वतःचंही काहीतरी जुनं दुःख बाळगून असलेला. सातव्यात तिने चार घास खाल्ले. आठव्यात ती हसली. नवव्यात काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. मला ते फार हळुवार, फार प्रगल्भ वगैरे वाटलं होतं. माझी बीटा रीडर, म्हणजे फिक टाकण्याआधी वाचून चुका सांगणारी, एरवी ऱ्हस्वदीर्घापलीकडे फारशी बोलत नाही. तिने शेवटी एकच ओळ लिहून पाठवली: "ती नकाशे काढायची ना गं? मग सध्या कोण काढतंय?"

मी फाइलमध्ये 'साखळी' हा शब्द शोधला. नऊ प्रकरणांत एकदाही नव्हता. ज्या बाईने डोंगर पायाखाली घातले होते तिला मी खाटेवर निजवलं होतं आणि उरलेल्या वेळात खिडकीशी बसवलं होतं.

ही खिडकी एकदा बघाच. सोबती गेला की नायिका खिडकीशी. इतक्या खिडक्या मूळ कथेतल्या सगळ्या घरांना मिळून नसतील.

आणि खिडकीशी बसलेल्या तिला बघतं कोण? इथे खरी गोम आहे. मूळ कथेत सगळं तिच्या डोळ्यांनी दिसायचं. फिकमध्ये सोबती मेला की कॅमेरा हळूच दारापाशी सरकतो. दारात दोन पुरुष उभे. एक म्हणतो, "कशी आहे?" दुसरा म्हणतो, "वेळ लागेल." ती आत आहे, तिला ऐकू येतंय, पण आपण बाहेर उभे राहून तिच्याकडे हळहळत बघतो आहोत. तिचं दुःख आता तिला होत नाही, ते इतरांना दिसतं. तिच्या डोक्यात शिरायचं धाडस लेखकाला होत नाही, कारण तिथे काय चाललंय हे ठरवावं लागेल. कदाचित ती त्याच्यावर चिडलेली असेल. कदाचित त्या दोघांच्या 'वेळ लागेल'वर आतल्या आत दात-ओठ खात असेल. कदाचित तिला एक पाचकळ विनोद आठवला असेल, जो फक्त त्यालाच कळला असता.

विनोदावरून आठवलं. मूळ कथेत जिच्या जिभेला धार होती तिचीही जीभ आपण काढून घेतो. सोबती गेला म्हणजे टोमणे बंद, शिव्या बंद, वाक्यं अर्धवट, सगळीकडे तीन टिंबं. दुःखात माणूस फक्त गंभीर असतो हे कुणी सांगितलं? अंत्यविधीच्या मधोमध तिला हसू फुटू दे. सगळे दचकून बघू देत. तो विनोद तिने मोठ्याने सांगावा आणि कुणीच हसू नये. तेवढ्या शांततेत तो किती गेला आहे ते समजेल.

मग येतं स्वप्न. धुकं, पांढरा उजेड, त्याच्या जखमा भरून आलेल्या. तो म्हणतो, मला आता जाऊ दे, तू सुखात राहा. ती रडत जागी होते, आणि पुढच्याच प्रसंगात नवा माणूस दारात हजर. मी आणि माझी बीटा याला 'ना हरकत प्रमाणपत्र' म्हणतो. नव्या प्रेमाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार प्रमाणपत्राबद्दल आहे. तो हयात असताना तिने त्याला कधी विचारलं होतं? तो 'थांब' म्हणाला की ती हमखास निघायची, म्हणून तर ती आपल्याला आवडली. मेल्यावर तो एकदम तिचा पालक कसा झाला? तिला पुन्हा कुणी आवडायचं असेल तर अपराधी वाटत आवडू दे, रागाच्या भरात आवडू दे, चुकून आवडू दे. तिचं तिला निस्तरू दे.

याहून वाईट म्हणजे बदनामी. नव्या जोडीला जागा करायची तर गेलेला आड येतो. मग पाच-सहा प्रकरणांत आपल्याला हळूहळू कळायला लागतं की तो तसा तिला समजूनच घेत नव्हता. मूळ कथेतली थट्टा आता 'घालून पाडून बोलणं' ठरते. त्याचा अबोलपणा आता तुसडेपणा होतो. बिचारा मेलेला, खुलासा करायला येत नाही. पण यात खरा मार तिला बसतो. इतकी वर्षं जिने हा माणूस निवडला, ती मूर्खच होती म्हणायची! नव्या माणसाचं पारडं जड व्हावं म्हणून तिची आधीची निवड खोटी पाडावी लागत असेल, तर तो नवा फारच हलका आहे.

बाकीचे प्रकार तुम्हाला पाठ आहेत. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी कळतं की त्याचं मूल तिच्या पोटात आहे. किंवा ती एका रात्रीत थंड डोळ्यांची मारेकरीण होते, केस कापून. किंवा 'सहा महिन्यांनंतर' अशी एक ओळ येते आणि जे वाचायला आपण आलो होतो नेमकं तेवढंच गाळलेलं असतं.

आपण हे दुष्टपणाने करत नाही, मला ठाऊक आहे. एक कारण भीतीचं आहे आणि त्या भीतीला नावही आहे. 1973 मध्ये पॉला स्मिथ यांनी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या एका मासिकात अगदी छोटी विडंबनकथा लिहिली. तिच्यात मेरी स्यू नावाची साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट आहे. ताफ्यात सगळ्यात लहान, सगळ्यात हुशार, आणि शेवटी ती मरते तेव्हा जहाजावरचे बडे अधिकारी तिच्याभोवती उभे राहून मनसोक्त रडतात. विडंबन झकास होतं. पण पुढे 'मेरी स्यू' ही शिवी झाली, आणि ती आपल्या डोक्यात अशी बसली की बाई जरा कर्तबगार लिहिली की हात आखडतो. दुःखातही जिचं काम सुटलं नाही ती अतिच वाटेल, खोटी वाटेल, म्हणून आपण तिला आधी पुरती मोडतो आणि मग म्हणतो, बघा, किती माणसासारखी आहे.

नायकाला ही अट नाही. त्याची प्रेयसी मेली की तो उठतो आणि हत्यार उचलतो. सुपरहीरोंच्या कॉमिक्समध्ये अशा किती बायका मारल्या गेल्या, जखमी झाल्या, त्यांच्या शक्ती काढून घेतल्या गेल्या, याची यादीच गेल सिमोन यांनी 1999 मध्ये केली. 'विमेन इन रेफ्रिजरेटर्स' हे त्या यादीचं नाव आपल्यातल्या बहुतेकांना माहीत असतं, आणि मूळ लेखकांना झोडपायला आपण ते वापरतोही. फिकमध्ये मात्र आपण त्याचीच उलटी बाजू लिहून ठेवली आहे. ती गेली की तो कामाला लागतो. तो गेला की तिचं काम सुटतं.

दुसरं कारण जास्त हळवं आहे. तो आपल्यालाही आवडायचा. त्याच्या मृत्यूनंतर आपल्याला कुणी सांत्वनाला येत नाही, 'अगं, मालिकाच ती' असं म्हणतात. मग आपण तिच्या डोळ्यांतून आपलं रडून घेतो. एकदा घ्यावं. पण दर प्रकरणाला नळ सोडला तर काय होतं, हे संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकातच सांगून ठेवलं आहे. 'काव्यप्रकाशा'त त्याने रसाचे जे दोष सांगितले, त्यात एक असा की तोच रस पुन्हा पुन्हा पेटवत राहणं. आणि उदाहरण कुणाचं दिलं? थेट कालिदासाचं. 'कुमारसंभवा'त मदन जळून राख होतो आणि रती पुढचा अख्खा सर्ग विलाप करते, तो विलाप. कालिदास सुटला नाही, तिथे आपलं पंधरा प्रकरणांचं अँग्स्ट (म्हणजे दुःखाचं दळण) काय सुटणार!

(माझं म्हणाल तर मला तो सर्ग आवडतो, मम्मट काहीही म्हणो. त्यात एक जागा आहे. मदनाचा जिवलग मित्र वसंत समोर येतो, आणि त्याला पाहून रती शांत होत नाही, आणखीच फुटून रडते. आपलं माणूस दिसलं की दुःखाला जणू दार सापडतं, असं कालिदास तिथे म्हणतो. आता सांगा, आपण गेलेल्याचा जिवलग मित्र नायिकेसमोर कशासाठी आणतो? नुसतं एकत्र रडायला कधी आणलाय? चार प्रकरणांत त्याची आणि तिची शिप (आपण जुळवलेली जोडी) पाण्यात उतरलेली असते. निम्म्यांनी आत्ता मान खाली घातली असेल. मीही घातली.)

आता माझ्या आवडत्या बाईकडे येते. मराठीत आपण 'कादंबरी' म्हणतो तो शब्द ज्या ग्रंथावरून आला, त्या बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या 'कादंबरी'त महाश्वेता आहे. ती आपल्या प्रियकराला, पुंडरीकाला, भेटायला पोचते तेव्हा त्याचा जीव नुकताच गेलेला असतो. पुढे ती अच्छोद सरोवराकाठी तप करत राहते. चंद्रापीड नावाचा राजपुत्र वाट चुकतो, आणि गाणं ऐकू येतं म्हणून तिकडे येतो. ती शंकराच्या देवळात वीणेवर गात असते. म्हणजे आपल्याला ती पहिल्यांदा दिसते तीच काहीतरी करताना. मग ती पाहुण्याचं आदरातिथ्य करते, त्याला फळं देते. आणि तो विचारतो तेव्हा स्वतःची गोष्ट स्वतः सांगते, पानंच्या पानं. मध्ये रडते, सांगता सांगता शुद्ध हरपते, पुन्हा सांगायला लागते. दारात उभे राहून 'वेळ लागेल' म्हणणारं कुणी नाही. राजपुत्र गप्प बसून ऐकतो.

शिवाय तिचं दुःख तिच्यापुरतं राहत नाही. तिच्या मैत्रिणीने, म्हणजे खुद्द कादंबरीने, शपथ घेतलेली असते की महाश्वेता शोकात असेपर्यंत मी लग्न करणार नाही. जिच्या नावाने ग्रंथ आहे तिच्या कथेचा पेच मैत्रिणीच्या दुःखातून पडतो! असला धागा मिळाला असता तर आपण काय केलं असतं? मैत्रिणीला दोन प्रकरणं गरम सूप घेऊन पाठवलं असतं आणि मग विसरलो असतो.

बाण ग्रंथ अपुरा टाकून वारला. त्याच्या मुलाने उत्तरभाग लिहून तो पुरा केला, वडिलांची पात्रं घेऊन. आपल्या जमातीने त्याची पुण्यतिथी पाळायला हवी, तारीख सापडली तर. तो शेवटी मेलेल्यांना उठवतो, जोड्या लावून देतो, पक्का फिक्स-इट, म्हणजे कथेतलं वाईट झालेलं दुरुस्त करणारी फिक (अर्थात पुनर्भेटीचं आश्वासन वडिलांनीच आकाशातल्या एका पुरुषाकडून देववून ठेवलं होतं, म्हणून त्याला माफ). पण त्याच उत्तरभागात वैशंपायन नावाचा तरुण महाश्वेतेला पाहून खुळा होतो, तिच्या मागे लागतो, नको म्हटलं तरी ऐकत नाही. ती त्याला शाप देते, पोपट हो. आणि तो होतो पोपट. तो पुंडरीकाचाच पुढचा जन्म आहे हे तिला ठाऊक नसतं, ते कळल्यावर जे होतं ते निराळंच. पण माझा तो रुंद खांद्यांचा वैद्य आठवा. सहाव्या प्रकरणात तो दारात आला तेव्हा तिला 'नको' म्हणायला मी एक ओळ तरी ठेवली होती का? पोपट राहू द्या बाजूला. साधं 'नको'.

फिक्स-इटबद्दल गैरसमज नको. मला ते हवेच असतात. 1893 च्या डिसेंबरात डॉयल यांनी होम्सला धबधब्यात ढकलला आणि 1903 मध्ये स्वतःच परत आणला. लेखकाने स्वतःच्या कथेवर केलेला एवढा ठसठशीत फिक्स-इट दुसरा नसेल. पण परतीच्या त्या कथेची सुरुवात पुन्हा वाचा. होम्स नसताना वॉटसन काय करत असतो? वर्तमानपत्रांतल्या गुन्ह्यांना मित्राची पद्धत लावून बघत असतो, आणि ते त्याला फारसं जमत नाही. खून झालेलं घर रस्त्यावरून बघायला जातो, आणि तिथेच वेषांतर केलेल्या होम्सला धडकून त्याची पुस्तकं पाडतो. सोबत्याचं काम वाकडंतिकडं करत राहणं हाच त्याचा शोक. (दरम्यान त्याची बायको वारलेली असते. तिला मात्र अर्धं वाक्य. ते दुसऱ्या पत्रात.)

आणि सावित्री? 'महाभारता'च्या वनपर्वातली ती कथा फिक्स-इट म्हणून वाचून बघा. यम सत्यवानाचे प्राण घेऊन निघतो, ती मागे चालते आणि बोलत राहते. सासऱ्याचे डोळे मागते, राज्य मागते, वडिलांना शंभर मुलगे मागते, मग स्वतःला शंभर मुलगे मागते, आणि यम हो म्हणून बसतो. मग त्याला सत्यवान सोडावाच लागतो. उत्कृष्ट वकिली. हा फिक्स-इट तिच्या अकलेने झालाय. आपल्यात काय होतं? ती उशाशी बसून हात धरते आणि तो आपोआप डोळे उघडतो.

इथे एक वेगळं दुखणं आहे, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेलेली व्यक्ती मैत्रीण किंवा गुरू असली, की आपण मागच्या मागे त्यांच्यात प्रेमप्रकरण घालतो, कारण नुसत्या मैत्रीसाठी इतकं दुःख कसं, अशी आपल्यालाच शंका येते. जिथे संहितेत प्रेम आहे, किंवा पडद्यावर दडवून ठेवलंय, तिथे जरूर उघड करा, ते आपलं जुनं आणि चांगलं काम आहे. पण प्रत्येक वेळी नको. काही जणींना मैत्रीण गेल्यावर नवरा गेल्यापेक्षा जास्त एकटं वाटतं. त्याला काय नाव देणार, दुःखाचं वजन वाढवायला त्यांचं चुंबन दाखवावंच लागतं का?

'झीना' या लढवय्या बाईची टीव्ही मालिका 2001 मध्ये संपली ती झीनाच्या मृत्यूने. तिला परत आणणं शक्य असतं, पण हजारो आत्म्यांच्या मुक्तीसाठी ती नकार देते, आणि तिची सोबतीण गॅब्रिएल रक्षा घेऊन एकटी जहाजावर निघते. चाहते खवळले, आणि त्यांनी पुढचे हंगामच्या हंगाम स्वतः लिहिले. त्यातलं मी जे वाचलं त्यात बहुधा दोनच गोष्टी होतात. पहिल्याच प्रकरणात झीना परत येते, नाहीतर गॅब्रिएल ते धारदार चक्र उचलून दुसरी झीना होते. अहो, ती बाई कथाकार होती! पहिल्यापासून गुंडाळ्यांवर कथा लिहायची. सोबतीण गेल्यावर ती काय लिहिते? लिहिते की लिहीत नाही? पहिलं वाक्य कोणत्या काळात करते, 'झीना आहे' की 'झीना होती'? मी हे शोधत बरीच भटकले. सापडलं, पण फार थोड्या ठिकाणी.

आणि आपण चाहते स्वतः कसे आहोत बघा. 3 मार्च 2016 रोजी 'द हंड्रेड' या टीव्ही मालिकेत लेक्सा मेली. तिचं आणि नायिका क्लार्कचं प्रेम नुकतंच कुठे उघड झालं होतं. त्यावर चाहत्यांनी नुसते अश्रू ढाळले नाहीत. आत्महत्येच्या वाटेवरच्या समलिंगी तरुणांना मदत करणाऱ्या एका संस्थेसाठी निधी गोळा केला, समलिंगी पात्रांना असं मारणाऱ्या लेखकांना जाब विचारला, आणि पुढच्याच वर्षी 'क्लेक्साकॉन' नावाचं संमेलन उभं केलं. एका काल्पनिक बाईच्या मृत्यूनंतर खऱ्या बायकांनी इतकं काम केलं. आणि त्याच बायका रात्री फिक लिहायला बसल्या की नायिकेला खिडकीशी बसवतात?

मागणं तसं किरकोळ आहे. सोबती जायच्या आधी ती जे करायची, त्याची मनात उजळणी करा आणि मग लिहायला बसा. पहाऱ्याच्या रात्री दोघं वाटून घ्यायची असतील, तर तिला मध्यरात्री जाग येऊ द्या, पहारा बदलायच्या वेळी, कुणीही न उठवता. ती उठून बसेल, आणि मग पहाटेपर्यंत बसून राहील, कारण आता उठवायला कुणी नाही म्हणजे झोपायला सांगणारंही कुणी नाही. एवढ्यावर एक वनशॉट, म्हणजे एकाच प्रकरणाची फिक, होतो. त्यात एकही अश्रू नसला तरी चालतं, असला तरी चालतो.

माझ्या फिकचं काय झालं ते सांगते आणि थांबते. दोनेक वर्षांनी ती पुन्हा लिहायला घेतली. वैद्य गेला. खाट गेली. आता ती अशी सुरू होते: ती साखळीचं एक टोक झाडाला बांधते. पुढे चालत जाते, ताणते, खुंटी ठोकते. मग टोक सोडवायला मागे येते. मग साखळी ओढत पुन्हा पुढे. जे अंतर ती एकदा चालायची, ते आता तीनदा चालते. मी तिथे 'मुलूख तिप्पट झाल्यासारखा तिला वाटला' असं वाक्य घातलं होतं. बीटाने ते खोडायला लावलं. म्हणाली, "चालू दे ना तिला. वाटायला कशाला लावतेस?" खोडलं.

पहिली तीन प्रकरणं ती अशीच झाडाझाडाने जाते. कुणाशी धड बोलत नाही, मोजणीच्या वहीत मात्र आकड्यांच्या कडेला त्याला शिव्या लिहून ठेवते, तारीखवार. चौथ्या प्रकरणात माळ लागतो. नजर जाईल तिथपर्यंत झाड नाही, झुडूप नाही, बांधायला साधा दगड नाही. ती अर्धा दिवस तिथे बसून राहते. (खिडकी नाही, एवढी प्रगती.) मेंढरं घेऊन एक पोरगा येतो, दहा-अकरा वर्षांचा, नाक वाहणारा, प्रश्नावर प्रश्न विचारणारा. तिला तो अजिबात आवडत नाही. शेवटी ती त्याच्या हातात टोक देते आणि म्हणते, इथून हलायचं नाही.

मग पुढे चालायला लागते. कड्या एकेक करून गवतातून उठतात. 66 फुटांवर ती वळते. पोरगा मेंढरांकडे बघतोय, साखळी मध्ये झोळ पडून जमिनीला टेकली आहे. ती तोंडाभोवती दोन्ही हात धरते आणि ओरडते,

"ताण!"

आपली,
एक वाचक, अधूनमधून लेखिका